तळ बंद झाला, तपासणी चालू राहिली

आमची संस्था २००७ साली कर्वेनगरमधील दोन खोल्यांच्या सदनिकेत सुरू झाली, तेव्हा बोअरच्या पाण्याचे नमुने तपासून घेणे आणि बांधकामासाठी मातीचे अहवाल तयार करणे एवढेच आमचे काम होते. चार वर्षांनी अमेरिकेतील एका सल्लागार कंपनीने कॅलिफोर्नियातील हवाई दलाच्या एका बंद तळाचे जुने, जाहीर झालेले भूजल अहवाल एका तक्त्यात आणून देण्याचे काम आमच्याकडे सोपवले आणि तेव्हापासून आमच्या व्यवसायाची दिशाच बदलली.

विमाने गेली, धावपट्टी रिकामी झाली, तरी विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे का तपासायचे, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर तेथील १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यात मिळाले. दूषित झालेली सरकारी जमीन दुसऱ्याच्या नावे करताना आवश्यक ती सफाई पूर्ण झाल्याची हमी संघराज्य सरकारला हस्तांतराच्या दस्तातच द्यावी लागते, आणि पुढे आणखी सफाईची गरज निघाली तर तीही सरकारच करेल, असे त्यात लिहावे लागते. १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्यांत अमेरिकेने आपले लष्करी तळ बंद करण्याचे निर्णय घेतले, आणि ही अट तळामागून तळाला लागू होत गेली. सॅक्रामेंटोजवळचा मॅक्लेलन तळ २००१ मध्ये बंद झाला. दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत मात्र तो १९८७ पासूनच होता.

अशा तळांवर विमानांच्या सुट्या भागांवरील ग्रीस काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन वापरत असत. आपल्या भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना ‘टीसीई’ म्हणून परिचित असलेला द्रव तो हाच. पाण्यापेक्षा जड असल्याने तो भूजलातही खाली खाली उतरत जातो आणि तळाशी साचून वर्षानुवर्षे थोडाथोडा विरघळत राहतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. जमिनीतील जिवाणू त्याचे विघटन करतात खरे, पण त्या साखळीत व्हिनाइल क्लोराइड तयार होते. ते अधिक घातक असून त्याची मर्यादा २ मायक्रोग्रॅमच आहे.

आमची सर्वांत मोठी चूक येथेच झाली. २०१३ मध्ये एका विहिरीच्या आलेखात टीसीई झपाट्याने उतरताना दिसत होते आणि व्हिनाइल क्लोराइडच्या रकान्यात आम्ही सरसकट शून्य भरले होते, कारण प्रयोगशाळेने ‘आढळले नाही’ असे कळवले होते. मसुदा पाठवल्यानंतर आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी रात्री मूळ पत्रके पुन्हा काढली. टीसीईचे प्रमाण फार असल्याने प्रयोगशाळेने तो नमुना पातळ करून तपासला होता, आणि त्यामुळे व्हिनाइल क्लोराइड ओळखता येण्याची किमान पातळीच, म्हणजे शोधमर्यादा, १० मायक्रोग्रॅमवर गेली होती. म्हणजे ते ९ असते तरी पत्रकात ‘आढळले नाही’ असेच आले असते आणि पिण्यायोग्यतेच्या चौपटीहून अधिक असलेले पाणी आमच्या आलेखात निर्धोक ठरले असते. दुसऱ्याच दिवशी आम्ही चूक कळवली आणि संपूर्ण तक्ता विनामोबदला पुन्हा केला. तेव्हापासून आमच्याकडे कोणत्याही रकान्यात शून्य भरले जात नाही. त्या जागी शोधमर्यादा लिहिली जाते.

न्यू हॅम्पशायरमधील पीझ तळाची हकिगत मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. तो तळ १९९१ मध्ये बंद झाला आणि तेथे विमानतळ व उद्योग उभे राहिले. २०१४ मध्ये तेथील हेवन विहिरीच्या पाण्यात आग विझवण्याच्या फेसातील रसायने सापडल्याने ती विहीर बंद करावी लागली आणि भूजल शुद्ध करण्याचे काम पुन्हा हवाई दलाकडेच गेले. तळ बंद होताना या रसायनांची कोणी तपासणी केली नव्हती. दस्तातील अट मात्र कायम होती. फिलिपिन्समधील क्लार्क तळाबाबत तसे झाले नाही. १९४७ च्या करारात सफाईचे बंधनच नसल्याने १९९१ मध्ये अमेरिकी हवाई दल निघून गेले आणि दूषित पाण्याचा प्रश्न तेथील लोकांच्या वाट्याला आला.

गेली काही वर्षे आम्ही हा अनुभव पुण्यात वापरत आहोत. भोसरीतील एक बंद कारखाना विकला जात असताना खरेदीदाराने आम्हाला बोलावले. सॅक्रामेंटोची जमीन गाळाची, वाळूची. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण, आणि पाणी त्याच्या भेगांतून वाट काढते. त्यामुळे तेथील विहिरींच्या अंतराचे हिशेब येथे चालत नाहीत, आणि बोअर कोठे घ्यायची हे ठरवण्यातच आमचा पहिला महिना गेला. नमुना घेताना ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी धरून पाहावी लागते. आत हवेचा एक बुडबुडा जरी दिसला तरी टीसीई त्यात उडून जाते आणि आकडा कमी येतो, म्हणून ती कुपी बाद करावी लागते. पहिल्या दिवशी आमच्या अकरा कुप्या बाद झाल्या.

विक्रेत्याला आम्ही एकच आग्रह केला, की पुढे काही सापडल्यास सफाईचा खर्च कोणी करायचा हे खरेदीखतात लिहा. सुरुवातीला त्यांना ते अपमानास्पद वाटले, पण तीन बैठकांनंतर त्यांनी मान्य केले. आपल्याकडे दूषित स्थळांविषयीचे केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ च्या जुलैमध्ये आले. आमचे ते खरेदीखत त्याआधीचे आहे. तिसऱ्या बोअरमध्ये टीसीई अजूनही मर्यादेपेक्षा वर असून, पुढचे नमुने पावसाळ्यानंतर, भेगांतील पाण्याची पातळी स्थिरावली की घ्यायचे आहेत. त्यांचा खर्च त्या दस्तानुसार विक्रेतेच देणार आहेत.