वाळवंटातलं राज्य बनवायचंय? आधी पाटकरी नेमा

आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी कोथरूडला एकाच्या घरी जमायचं आणि फासे टाकत एक लांबलचक गोष्ट खेळायची, आणि यावेळी त्या गोष्टीचं जग बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फर्माईश काय, तर प्राचीन वाळवंटी राज्य. झालं, व्हॉट्सॲपवर सगळे सुटले, एकाला सूर्यदेव हवा, एकाला उंटांची फौज, एकाला वाळूखाली झोपलेला राक्षस. मी म्हटलं थांबा रे, आधी पाणी कुठून येतं ते ठरू दे, देव मागून येतील.

राज्याचं नाव ठेवलंय खारवण. वाळवंट तिथे का आहे हे पुणेकराला वेगळं सांगायची गरज नाही, ताम्हिणीला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास आणि पुढे दौंड-बारामतीकडे गेलं की पाचशेसुद्धा नशिबाने. हेच पर्जन्यछायेचं गणित मी आणखी ताणलं. पश्चिमेला सह्याद्रीपेक्षा कितीतरी उंच डोंगर उभे केले, ढग तिकडेच रिकामे होतात, अलीकडे कोरडं ठाक. आणि हो, वाळू फार नाहीये. सगळ्यांच्या डोक्यात सिनेमातल्या टेकड्या असतात, पण खुद्द सहारातसुद्धा वाळूचा भाग साधारण पाव, बाकी सगळा खडक नि दगडगोटे.

मधोमध आटलेलं खारं तळं आहे, म्हणून मीठ हाच पैसा. आफ्रिकेत मालीच्या उत्तर भागात तघाझा म्हणून गाव होतं, चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तिथे गेला तेव्हा घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, वर उंटाच्या कातड्याची छपरं. ही आयडिया मी सरळ उचललीये. फक्त उंट काढून टाकले, कारण खारवणचा काळ धरलाय इ.स.पू. २०००, आणि उंट माणसाळून ओझी वाहायला लागला तो त्याच्या बराच नंतर. म्हणजे काफिला गाढवांचा. यावर ग्रुपमध्ये जवळजवळ मोर्चा निघाला, पण मी ऐकलं नाही.

आता पाणी. डोंगरात मुरलेलं पाणी पायथ्याला खोल असतं, तिथे एक विहीर खणायची आणि तिथून गावाकडे अगदी हलक्या उताराचं भुयार, मध्ये मध्ये हवेसाठी आणि माती काढायला उभी भोकं. इराणात याला कनात म्हणतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, मलिक अंबरची संभाजीनगरची नहर याच जातीतली, आणि पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत पाणी आणलं त्या वाटेवरही उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीची उभी भोकं, बांधलेलेच आहेत. त्यामुळे खारवणमध्ये सगळ्यात मान कोणाला, तर भुयार खणणाऱ्यांना. निदान तोंडदेखला तरी.

दुसरे लोक म्हणजे मेंढपाळ, ते या सगळ्याला हसतात. हे मी जॉर्डनच्या वाळवंटातल्या प्राचीन नबातियन लोकांवरून घेतलं. डायोडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार लिहून गेलाय की त्यांच्यात धान्य पेरायचं नाही, घर बांधायचं नाही, दारू प्यायची नाही, नाहीतर मृत्युदंड, कारण ज्याच्याकडे घरदार त्याला कोणीही दमदाटी करून वाकवू शकतो. आणि गंमत म्हणजे पुढे याच लोकांनी डोंगर कोरून पेट्रा शहर उभारलं!

देवसुद्धा अर्धे त्यांचेच. नबातियनांच्या दुशारा देवाला चेहरा नसायचा, नुसता चौकोनी दगड पुजायचे, म्हणजे आपल्याकडे देवीचा शेंदूर लावलेला तांदळा असतो तसंच काहीसं. खारवणची देवी पण असाच एक दगड, जिथे भुयार उजेडात येतं तिथे बसवलेला. पवित्र झाड एकच, शमी. राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात, आणि १७३० मध्ये खेजडलीला ती तोडू नयेत म्हणून ३६३ बिश्नोईंनी जीव दिला, तेव्हा वाळवंटात झाडासाठी मरणारा धर्म मला रचावा लागलाच नाही.

पण माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे वाटी. देवळात दगडासमोर पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, त्यात तांब्याची वाटी तरंगतेय, बुडाला सुईएवढं भोक. पाणी हळूहळू आत चढतं, काठ पाण्याला टेकतो, डुबुक, वाटी तळाला. पुजारी एक खडा बाजूला ठेवतो, वाटी उपसून परत सोडतो. अमक्याच्या शेतात चार वाट्या बुडेपर्यंत पाणी, तमक्याच्या शेतात सहा, देवीच्या खजूरबागेत दहा. इराणात कनातीचं पाणी खरंच असं वाटायचे, आणि आपल्या लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे ते याचंच भावंड. म्हणजे खारवणचा पुजारी मुळात पाटकरी, पाटाचं पाणी वाटणारा माणूस, आहे! आपल्या धुळ्याकडे नदीवर बंधारा घालून गावाने पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आहे, तिच्यात पाटकरी गावाचा माणूस असतो, इथे त्याने अंगावर देवी घेतली आणि राजापेक्षा भारी झाला. राजा काय, पुजाऱ्याने दोन खडे कमी ठेवले की राजाची बाग वाळली.

राज्य बुडणार कसं यावर अजून वाद चालूय. बाकीच्यांना बाहेरून स्वारी हवी. मला लिबियातल्या गारामांत लोकांसारखं करायचंय, त्यांनी भुयारांनी जमिनीतलं जुनं पाणी शेकडो वर्षं उपसलं, वरून भरत काहीच नव्हतं, पातळी खाली खाली गेली आणि राज्यही गेलं. खारवणमध्ये भुयाराची धार बारीक होतेय पण वाटी मोजते वेळ, पाणी नाही, त्यामुळे देवळातला हिशेब अगदी चोख, सहा वाट्या म्हणजे सहा वाट्या, आणि शेतात चिखलसुद्धा होत नाहीये. हे पहिल्यांदा कळणार खणणाऱ्यांना, कारण ते आत उतरतात आणि पूर्वी कमरेला लागणारं पाणी आता घोट्यालाही लागत नाही. म्हणून खेळ मी त्यांच्या बाजूने सुरू करतोय. फक्त आमच्यातल्या एका शहाण्याने आत्ताच पुजाऱ्याचा रोल बुक करून ठेवलाय, आणि वाटीचं भोक बुजवायला किती मेण लागेल असं विचारतोय.