रॉक गाणी आणि ऑर्केस्ट्रा : तिसरं गाणं मार्गी लागलं

अल्बममधल्या तिसऱ्या गाण्याचा सांगाडा उभा राहिला. ड्रम्स, बास झाले. व्हायोलिन, व्हायोला, चेलो कॉम्प्युटरवरचे, ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ या फुकट लायब्ररीतले. पण क्लॅरोनेट मला खरीच हवी होती आणि कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. आषाढात लग्नं नसतात, बँडवाले मोकळे. आमच्या पेठेतले एक मास्तर आले.

गाणं ई मायनर, म्हणजे पांढरी तीन. मास्तरांनी थोडं वाजवून बघितलं आणि म्हणाले, “पांढरी दोनवर आण की. बोटं मोकळी चालतील.” त्यांची क्लॅरोनेट बी फ्लॅटची, म्हणजे धरलेल्या सुरापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजणारी; पांढरी तीनला त्यांना तीन शार्प (चढे सूर) सांभाळावे लागतात. मी सहाही तारा एकेक पूर्ण सुरानं उतरवल्या (सैल पडतात, म्हणून अकराचा, म्हणजे जाड तारांचा सेट चढवला) आणि गिटारही बी फ्लॅटचं वाद्य होऊन बसली! मी ई धरतो, मास्तर ई धरतात, दोघांचाही डी निघतो. ट्रम्पेटचंही तेच. कागद एकच पुरतो.

क्लॅरोनेट तापली की सूर चढतो. त्यामुळे आधी नुसतं वाजवणं, मग बॅरल (तोंडाजवळचा नळीचा तुकडा) किंचित ओढून सूर जुळवणं, आणि पत्र्यावरचा पाऊस थांबला की टेक.

खरी मजा ‘ग’मध्ये आहे. डिस्टॉर्शनवर (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) मी फक्त सा-प धरतो, म्हणजे पॉवर कॉर्ड; ग मिसळला की आवाज गढूळ होतो. म्हणजे गाणं उदास की उजळ, हे गिटार ठरवतच नाही. तो ग मी क्लॅरोनेट आणि व्हायोलाला दिला : आधीच्या कडव्यांत कोमल, शेवटच्या कडव्यात शुद्ध. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) तीच, पण गाणं पार फिरतं. लई भारी वाटलं. पॉवर कॉर्डचेच सूर व्हायोलिनला वाजवायला लावायचे असतील तर व्हायोलिन घ्यायचीच कशाला?

हे डोक्यात शिरलं डीप पर्पल या रॉक बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड याच्या ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’मुळे. १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, कंडक्टर माल्कम अर्नोल्ड. पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा समोरासमोर ठाकतात, एकमेकांना जागा देऊन भांडतात. मेटॅलिका या मेटल बँडच्या १९९९ च्या, ऑर्केस्ट्रासोबतच्या ‘एस अँड एम’मध्ये बराच वेळ सगळे एकदम वाजतात. ऐकायला दणदणीत, पण घरच्या मिक्समध्ये मला ते झेपणार नाही.

माझ्या मिक्समध्ये तळाशी, खर्जाच्या सुरांत, आताच गर्दी झालीय. उतरवलेल्या गिटारची खालची तार ७३ हर्ट्झला, चेलोची ६५ ला. म्हणून रिफ चालू असताना चेलो वरच्या सप्तकात नेला आणि गिटारचा शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज कापला.

पुढचं काम युफोनियमचं, म्हणजे बँडमधल्या खर्जाच्या पितळी वाद्याचं. ते वाजवणारे गणपतीनंतरच सापडतील. छोट्या खोलीत एका माइकवर युफोनियम कुणी रेकॉर्ड केलंय का? माइक घंटेसमोर (वाद्याच्या रुंद तोंडासमोर) ठेवायचा की बाजूला?