महामारीच्या थ्रिलरमधला खलनायक तारखांशी खेळतो

विषाणूने चार तासांत माणूस मारला, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. चार तासांत मेलेला रुग्ण फारशा लोकांना लागण देत नाही, साथ जागच्या जागी विझते. २००३ चा सार्स कमी घातक नव्हता: ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. पण त्याचे रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवायचे आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुतेक जण रुग्णालयात पोचल्यावर. म्हणून विलगीकरणाने तो आटोक्यात आला. तुमच्या विषाणूला जगभर पोचायचं असेल, तर तो लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरू द्या. मग मृत्युदर दोन टक्केही पुरतो.

लिहायला बसण्याआधी तीन आकडे पक्के करा. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, म्हणजे आर-नॉट, एकाच्या लक्षणांपासून पुढच्याच्या लक्षणांपर्यंत किती दिवस जातात, आणि मृत्युदर. समजा २.५, ५ दिवस आणि २ टक्के. ३० दिवसांत संसर्गाच्या सहा पिढ्या होतात. २.५ चा सहावा घात साधारण २४४. आज १०० रुग्ण असले तर महिन्याने एकट्या सहाव्या पिढीत २४,४०० नवे. त्यांतले पाचशेच्या आसपास दगावणार, पण आणखी दोन-तीन आठवड्यांनी.

हे मधले आठवडे कथेसाठी सोनं आहेत. साथ चढती असताना आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णांनी भागलं, की मृत्युदर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. सार्सच्या सुरुवातीचे अंदाज असेच कमी निघाले होते. शेवटी दर दहा टक्क्यांच्या जवळ गेला. म्हणजे कथेतल्या औषध कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही.

कंपनीच्या मालकाने स्वतः विषाणू सोडायची तर मुळीच गरज नाही. (ती कुपी, ती तिजोरी, ते लाल बटण... पुरे.) त्याने फक्त साथीची खबर द्यायला महिनाभर उशीर करावा. तुमच्याकडे त्या महिन्याची किंमत माणसांत मोजून तयार आहे.

उशीर आणि लपवाछपवी कशी होते, याचा नमुना व्हायॉक्स या वेदनाशामकात सापडतो. २००० साली छापलेल्या आठ हजारांवर रुग्णांच्या ट्रायलमध्ये पोटाच्या तक्रारी ज्या तारखेपर्यंत मोजल्या, त्याच्या सुमारे महिनाभर आधीच हृदयविकाराची मोजणी थांबली होती. औषध घेणाऱ्या गटातले तीन हार्ट अटॅक त्यामुळे शोधनिबंधाबाहेर राहिले. ठरलेल्या तारखेनंतरच्या घटना धरल्या नाहीत, असा कंपनीचा बचाव होता. औषध २००४ मध्ये बाजारातून गेलं. खलनायकाच्या तोंडी हेच वाक्य द्या: ‘तारीख आधीच ठरली होती.’ आवाज चढवायचीही गरज नाही.

लपवाछपवीची दुसरी जागा म्हणजे ट्रायलचा मुख्य निकष. ‘मृत्यू कमी झाले का?’ याऐवजी मध्येच ‘रुग्ण किती दिवसांत बरा झाला?’ असं केलं, की पडलेलं औषध पास होतं. मात्र डबल ब्लाइंड ट्रायलमध्ये कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) हे कंपनीला दिसता कामा नये. ट्रायल चालू असताना गटवार आकडे पाहतं ते स्वतंत्र सुरक्षा देखरेख मंडळ. म्हणून निकष बदलायचा तर आधी तिथून बातमी फुटली पाहिजे. मंडळात चार-पाच तज्ज्ञ आणि त्यांना तक्ते करून देणारा एक संख्याशास्त्रज्ञ असतो. कथेतला सगळ्यात कमकुवत दुवा हाच. त्याला लाच देण्यापेक्षा पुढच्या नोकरीचं आश्वासन जास्त पटतं.

तपास करणाऱ्या नायिकेने रात्री सर्व्हर रूममध्ये शिरायचं कारण नाही. अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती तारखेसह राहते, आणि ती कोणालाही उघडता येते. निकष बदलल्याची तारीख तिथे मिळेल. मग तिला एवढंच शोधायचं आहे, की मंडळाची बंद दाराआडची बैठक त्याच्या किती दिवस आधी झाली आणि त्या रात्री कोणी कोणाला फोन केला.