तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यात संगीत कुठे आहे?

ग्राइंडकोरचं, म्हणजे अतिवेगवान, कर्कश रॉकच्या प्रकाराचं, नाव काढलं की रत्नागिरीत ठरलेला प्रश्न येतो: "नुसता गोंगाट ना तो? ह्यात वाजवायचं काय असतं?" एकदाच सांगतो.

वाजवायचा असतो ब्लास्ट बीट. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) आलटून पालटून, अतिवेगाने. २०० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला २०० ठोके आणि ठोक्याला चार आघात धरले, तर सेकंदाला तेरा आघात, निम्मे पायाचे, निम्मे हाताचे. काठी घट्ट धरलीत की अर्ध्या मिनिटात कोपराखाली हात दगड होतो आणि स्नेअरचा आवाज बसतो. मनगट सैल हवं, ड्रमचं कातडं ताणलेलं हवं, नाहीतर काठी उसळून परत येत नाही. १२० पासून सुरुवात करायची, पाच-पाचने वाढवायचं. गोंगाट म्हणे!

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, हे सगळं नेपाम डेथ ह्या इंग्लिश बँडने शोधलं. चूक. अमेरिकेत सीज नावाच्या बँडचा असाच वेगवान डेमो १९८४ चा आहे. तरी मी नेपाम डेथच्या 'स्कम' ह्या तबकडीपाशीच येऊन थांबतो. पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमला ध्वनिमुद्रित झाली. बारा गाणी, शेवटचं जेमतेम १.३ सेकंदांचं. मग बँड फुटला. गिटारवाला जस्टिन ब्रॉडरिक बाहेर पडला, गाणारा-बास वाजवणारा निक बुलेनही बाहेर पडला. बुलेन तर १९८१ पासूनचा, संस्थापकांपैकी. दुसरी बाजू मे १९८७ ची: गळा, गिटार, बास सगळे नवे. दोन्ही बाजूंना माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. तरीही तबकडी एकाच बँडची वाटते. म्हणून म्हणतो, हा प्रकार ड्रमवर उभा आहे. (मग त्याच तबकडीवरचे संथ, जड तुकडे कुठे बसवायचे? तिथे माझी गाडी अडते.)

गिटारची सर्वांत जाड तार ई ह्या सुरावरून सी किंवा बी पर्यंत उतरवतात. नऊचा, म्हणजे बारीक तारांचा, सेट तिथे लोंबतो. बाराचा, म्हणजे जाड तारांचा, घ्या आणि नटच्या (गिटारच्या डोक्याकडच्या, तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा रुंद करून घ्या, नाहीतर तार अडकून सूर सरकतो. अँपचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) पूर्ण पिळू नका, रिफचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा) चिखल होतो. आपल्या खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

शिमग्यात पालखी नाचते तेव्हा ढोलाला कुणी 'सूर कुठाय' विचारत नाही, हे माझं आवडतं उत्तर. पण तेही लंगडंच. ढोलामागे अख्खा गाव असतो. इथला ब्लास्ट बीट खिडकीला गादी लावून वाजवावा लागतो.