पैसा परत आला, पण तो गेला कुठे होता?

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी बुडू पाहणाऱ्या बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलर मागितले, तेव्हा त्यांचा मसुदा जेमतेम तीन पानांचा होता. त्यातले आठवे कलम मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी तितकाच चकित झालो आहे: अर्थमंत्र्यांच्या निर्णयांची तपासणी कोणतेही न्यायालय किंवा प्रशासकीय यंत्रणा करू शकणार नाही, असे त्यात सरळ लिहिले होते. प्रतिनिधिगृहाने २९ सप्टेंबरला विधेयक फेटाळले. ३ ऑक्टोबरला ते संमत झाले, तोवर त्यात या निधीवर नजर ठेवणारा विशेष महानिरीक्षक आणि अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, पाच सदस्यांची देखरेख समिती यांची तरतूद झालेली होती.

एलिझाबेथ वॉरन यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने फेब्रुवारी २००९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, सरकारने २५४ अब्ज डॉलर मोजून जे समभाग आणि समभागखरेदीचे हक्क विकत घेतले, त्यांची खरेदीच्या वेळची किंमत १७६ अब्जांच्या आसपासच होती. खरेदी बाजारभावाने होत असल्याचा पॉल्सन यांचा दावा होता, हे येथे लक्षात घ्यावे.

महानिरीक्षक नील बारोफ्स्की यांचे काम मला अधिक बोलके वाटते. बँकेत गेलेला पैसा इतर पैशांत मिसळून जातो, म्हणून त्याचा माग काढता येत नाही, अशी अर्थखात्याची भूमिका होती. बारोफ्स्कींनी साडेतीनशेहून अधिक बँकांना पत्रे पाठवून पैशांचे काय केले ते विचारले, आणि उत्तरे आली! कोणी कर्जे दिली, कोणी भांडवल राखून ठेवले, कोणी जुनी देणी फेडली, तर काहींनी दुसऱ्या बँका विकत घेतल्या. जे अशक्य म्हटले जात होते, ते एवढे साधे होते.

बँकांना भांडवलापोटी दिलेले सुमारे २०५ अब्ज डॉलर नफ्यासह परत आले, हे खरे आहे, आणि या विषयावरील चर्चा बहुधा तेथेच संपवली जाते. मला तो युक्तिवाद अपुरा वाटतो, कारण वसुलीचा आकडा अटी कोणी ठरवल्या आणि सवलत कोणाला मिळाली, याविषयी काहीच सांगत नाही.

कलोनियल बँकेने खोट्या कागदपत्रांच्या आधारे ५५३ दशलक्ष डॉलर मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा महानिरीक्षकांच्या तपासामुळे ती रक्कम तिजोरीतच राहिली आणि कटाच्या सूत्रधाराला २०११ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. याउलट, सरकारी मदतीवर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीच्या व्यवहारांत समोरच्या बँकांना कोणतीही सूट न मिळवता पूर्ण रक्कम चुकती करण्यात आली, तेव्हा त्यात फसवणूक नव्हती, सारे काही अधिकारात बसणारे होते, आणि बारोफ्स्कींच्या हाती एक कठोर अहवाल लिहिण्यापलीकडे काही उरले नाही.