फोन नसलेल्या पोराचं सायबर बुलिंग

भाचीचं एम.एड. चालू आहे अन् डिझर्टेशनला तिनं सायबर बुलिंग घेतलं, तेव्हापासून त्यावरचे संशोधनाचे पेपर डाउनलोड करते ती अन् वाचत बसतो मी, असं होऊन राहिलं. मामा तुमचं इंग्रजी चांगलं आहे, म्हणे.

तर यातली व्याख्या मूळची नॉर्वेच्या डॅन ओल्वेउसची. हा माणूस १९७०च्या दशकापासून शाळेतल्या दादागिरीवर, म्हणजे बुलिंगवर, काम करत होता, त्याच्या अटी तीन: त्रास मुद्दाम दिलेला पाहिजे, पुन्हापुन्हा पाहिजे, अन् देणारा वरचढ पाहिजे. २००८ मध्ये इंग्लंडच्या पीटर स्मिथ वगैरे मंडळींनी तीच व्याख्या मोबाईल-इंटरनेटला लावली, अन् मग किती टक्के पोरांना त्रास होते हे मोजायची लाटच आली. २०१४ च्या कोवाल्स्की नावाच्या संशोधकाच्या मोठ्या आढाव्यात आकडा किती, तर साधारण १० ते ४० टक्के! आता एवढ्या फरकाला मोजणं म्हणायचं काय बाप्पा? कोणी मागच्या दोन महिन्यांचं विचारते, कोणी वर्षाचं, कोणी जन्मात कधी झालं का म्हणून.

त्याच वर्षी दुसऱ्या एका टीमनं ८० अभ्यास एकत्र केले, त्यात साध्या दादागिरीत गुंतलेले ३५ टक्के अन् सायबरमध्ये १५, अन् बरीचशी पोरं दोन्हीकडे तीच. ओल्वेउस तर २०१२ लाच म्हणून गेला होता की सायबरचा बोभाटा जास्त आहे. मला म्हाताऱ्याचं अर्धंच पटते.

कारण आमच्या इकडे यवतमाळ जिल्ह्यात, सोयाबीनच्या सवंगणीत धुऱ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेल्या एका पोराचा कोणीतरी फोटो काढला, स्टिकर केलं, खाली लिहिलं 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', अन् ते गावच्या ग्रुपवर गेलं. पोराजवळ फोनच नाही. एसटी स्टँडवर जो तो विचारते, काय साहेब, झाली का मीटिंग? त्याला काही समजेना काऊन हसून राहिले म्हणून. मग तो बस सोडून सायकलनं यायला लागला. स्टिकर कोणी केलं हे अख्ख्या गावाला माहीत, म्हणजे पेपरात सारखं येते ते निनावीपण इथं नाही, अन् 'पुन्हापुन्हा' म्हणाल तर बनवणाऱ्यानं एकदाच टाकलं, बाकी फॉरवर्ड करणारे आपलेच, सख्ख्या काकानंसुद्धा हसायचा इमोजी ठोकलेला. (काकाला विचारलं तर म्हणे, अरे गंमत होती.)

आता नवीन ट्रेंड कम्प्युटरनंच अशा पोस्ट पकडायचा. मराठीतही झालं आहे काम, पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधक गटानं २०२२ मध्ये २५ हजारांवर ट्वीटचा महाहेट डेटासेट काढला, म्हणजे द्वेषाचं कोणतं अन् साधं कोणतं अशा खुणा केलेला साठा, खरंच कौतुकाचं काम आहे. पण 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' यात शिवी कुठं आहे? मशीन पकडणार काय?

अन् भाचीच्या प्रश्नावलीत प्रश्न असा, 'तुला कोणी त्रासदायक मेसेज पाठवला का?' हे पोरगं सरळ 'नाही'वर टिक करणार, अन् आपल्या तक्त्यात ते सुखी पोरांत जाणार. मी म्हटलं, विचार की तुझ्याबद्दल फोनवर काय फिरून राहिलं हे तुला कोणी तोंडानं सांगितलं का. तर गाइड म्हणते स्केल, म्हणजे ही प्रश्नावली, स्टँडर्डाइज्ड आहे, आधीच तपासून पक्की केलेली, हात लावायचा नाही. शेवटी मुलाखत म्हणून वेगळ्या पानावर दोन प्रश्न जोडले, तेवढं चालते म्हणे.