कडक भाकरी, कविशिवी नदी आणि आमचं उजनी

ग्रुपवर कुणीतरी टाकलं की यंदा जानेवारीत भीमेवरच्या उजनी धरणाच्या बॅकवॉटरला बोटीनं जाऊ आणि काठावर टेंट टाकून राहू. लगेच पंधरा जणांचे अंगठे, तारीख मात्र कुणीच सांगंना, नेहमीचंच. मला ते वाचून दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर आठवला, कंपनीच्या कामानं अमेरिकेत मिनियापोलिसला होतो तेव्हा माझा आतेभाऊ मला कॅनेडाच्या बॉर्डरला बाउंड्री वॉटर्स म्हणून जंगल आहे तिथं घेऊन गेला होता. जायच्या आधी म्हणला, "तिकडं हॉटेल नाही बे, लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, झेपंल का तुला?" म्हणलं दादा, मी सोलापूरचा, पाणी चार दिवसाआड येतंय तिथं वाढलोय, मला काय सांगतो.

इली नावाच्या गावातून होडी भाड्यानं घेतली आणि कविशिवी नदीत उतरलो. हो, स्पेलिंग वाचलं तर नाव तसंच होतं, कवीनं शिवी दिल्यासारखं. नदी म्हणजे तरी काय, तळं, मग अरुंद पात्र, मग परत तळं. मधे खडक लागले की होडी डोक्यावर घ्यायची आणि पायवाटेनं पुढच्या पाण्यापर्यंत चालायचं. ती वाट नकाशात रॉडमधे लिहिलेली असते, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. ऐंशी रॉड वाचून मला वाटलं चिल्लर आहे, निम्म्यात खांदे बोलायला लागले. आमच्या सिद्धेश्वर यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्यांचं कौतुक तिथं नव्यानं वाटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. जंगल एवढं मोठं, पण टेंट वाटेल तिथं टाकता येत नाही. ठरवून दिलेल्या दोन हजारांच्या वर जागा आहेत, तिथंच राहायचं. जागा म्हणजे काय तर चूल म्हणून एक लोखंडी जाळी, टेंटपुरती सपाट जमीन, आणि मागं झाडीत एक फायबरचा संडास, ज्याला ना भिंत ना दार ना छप्पर. बास. जाळ फक्त त्या जाळीतच करायचा, लाकूड पडलेलं वाळकं असलं तरच घ्यायचं, भांड्याचं पाणी नदीपासून लांब नेऊन टाकायचं. एका वेळी नऊच माणसं आणि चारच होड्या, म्हणजे आमचा पंधरा अंगठ्यांचा ग्रुप तिथं एकत्र जाऊच शकत नाही.

परमिटवर कुठल्या दिवशी कुठून आत शिरायचं ते लिहिलेलं असतं, पण आतली जागा बुक होत नाही, जो आधी येईल त्याची. हे मला दादानं नीट सांगितलंच नव्हतं. पहिली जागा भरलेली, दुसरीवर कुणाचे तरी टॉवेल वाळत घातलेले, तिसरीवर कुत्रं भुंकलं, ऊन कलायला लागलं आणि हात तर दुपारीच गेले होते. यष्टीत पुढं सरका पुढं सरका करत उभं राहतो ना तसं त्या नदीत पुढं पुढं चाललो होतो. चौथी मिळाली तेव्हा सूर्य टेकलेला. मला तर एका मोकळ्या खडकावर तंबू ठोकायचा मोह झाला होता, दादा म्हणला सगळ्यांनी असंच केलं तर दहा वर्षांत काठाला गवत उरायचं नाही. ते पटलं, पण हात दुखत असताना नाही, नंतर पटलं.

तिथं डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. बाकीचे लोक पावडरीचं कायबाय उकळत बसतात, आम्ही आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी काढली. चूल नको, पाणी नको, खराब व्हायचं टेन्शन नाही, पिशवीत चुरा झाला तरी चालतंय. असल्या ट्रिपला आपल्या भाकरीसारखं दुसरं काही नाही हे मी आता कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. रात्री मात्र ती पिशवी अस्वलाच्या भीतीनं दोरीनं माणसाच्या दुप्पट उंचीवर लटकवावी लागली. दोरी फांदीवरून टाकायला आम्हाला अर्धा तास लागला आणि तेवढ्यात लांब कुठंतरी लून पक्षी ओरडला, तो इतका माणसासारखा ओरडतो की मी दोरी सोडून दिली.

तर उजनी. मी ग्रुपवर लिहिलं की आधी कुठं राहायचं ते ठरवा, तर म्हणले काठावर कुठंही. अरे पण काठ कुठाय? उजनीत 117 टीएमसीच्या आसपास पाणी बसतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, आणि धरण मायनसमधे, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही खाली, गेलं का हे आपण पगाराच्या मेसेजआधी बघतो. ऑक्टोबरात जिथं पाणी असतं तिथं उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, गाळपेर, असते, कुणाची तरी ज्वारी उभी असते, मोटारीचे पाइप पसरलेले असतात. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, एवढा तो काठ सरकतो. कविशिवीचा खडक शंभर वर्षं तिथंच आहे, म्हणून तिथं जाळी ठोकता आली. इथं ठोकली तर सहा महिने बुडणार आणि सहा महिने पाण्यापासून लांब राहणार.

शिवाय तिथलं पाणी फिल्टर करून पिता येतं, इथं पुण्याकडून काय काय येतंय ते माहीत आहे, जार न्यावे लागतील. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला, यावर चर्चा नको. 21 मे 2024 ला याच उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. ज्यांना जॅकेटमधे गरम होतंय त्यांनी गाडीनं यावं.

मग करमाळ्याकडच्या ओळखीच्या मच्छीमार काकांना फोन लावला, फ्लेमिंगो बघायला त्यांच्याच बोटीतून जातो आम्ही. म्हणलं काका, दहाबारा जणांना एक रात्र राहायला जागा पाहिजे, कुणाच्या पिकात नको, जाळ्यांच्या आड नको, चिलापी मासे तुमच्याकडचेच घेतो. काका हसले. "जागा आत्ता कशी सांगू सर? जानेवारीत फोन करा, पाणी कुठवर उतरलंय बघतो आणि ज्याचं रान मोकळं झालं असंल त्याला विचारून सांगतो."